उणे पंधराची नळी

ती. दादा यांस,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी गुडघे हे अंग सध्या वाकायला राजी नाही, तेव्हा तूर्त सात अंगांचा स्वीकारावा. राहिलेलं अंग बरं झालं की मागाहून पाठवीन.)

तुमची साखर आटोक्यात असेल, वहिनींची पाठ धरत नसेल आणि तुमच्या गच्चीतली कबुतरं अजूनही तुम्हाला जुमानत नसतील, अशी आशा करतो. इकडची खुशाली म्हणाल तर माणसं धडधाकट आहेत. वस्तूंबद्दल तसं छातीठोकपणे सांगता येत नाही. इस्त्री गेली, बाहेरच्या खोलीत छताला एक डाग पडला आणि आमची संबंध इमारत एकदा, फक्त एकदाच, भर दुपारी पंख्यावाचून बसली. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे आणि तिन्हींचा माझ्याशी आहे, असं इथले लोक म्हणतात. मी लोकांच्या बोलण्याकडे लक्ष देत नाही.

पत्राला कारण तुमचा ॲम्प्लिफायर. तोच, जो तुम्ही कॉलेजात असताना स्वतःच्या हातानं जोडलात, बहिणीला लग्नात भेट म्हणून दिलात आणि जो पाहून माझ्या वडिलांनी यात वात कुठून घालायची असं विचारलं होतं. तो माळ्यावरून खाली आला आहे. का आला ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल, आणि मी मागं गेलो की लवकर परत येत नाही हे तुम्ही जाणताच. तेव्हा चष्मा पुसून घ्यावा.

तुमच्या बहिणीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही इथंच होता. गाठ निघाली, गाठीत वाईट काही सापडलं नाही, आपण दोघं हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये साखर घातलेला चहा प्यायलो (तुम्ही दोनदा, वहिनींना अजून कळवलेलं नाही) आणि तुम्ही परत गेलात. तुमची पाठ वळल्यावर ध्यानात आलं, की गाठीबरोबर आवाजही गेला आहे. डॉक्टर म्हणाले, आवाजाची नस दुखावली आहे, हळूहळू येईल, पूर्ण येईल किंवा थोडा येईल. डॉक्टरांच्या बोलण्यात 'किंवा' आला की पुढचं माणसाला ऐकू येत नाही, तसं मलाही आलं नाही. आता ती बोलते म्हणजे कुजबुजते. समोर बसून, पंखा बंद करून, ओठांकडे बघत राहिलं तर निम्मं कळतं. राहिलेलं निम्मं घर चमच्यावर चालतं. स्वयंपाकघरातून स्टीलच्या ताटलीवर एक टोला पडला म्हणजे चहा झाला, दोन म्हणजे इकडे या, आणि तीन म्हणजे आता काय जाळलंत. या महिन्यात चहापेक्षा तीन टोलेच जास्त वेळा ऐकले.

माझं एक वेळ असू द्या. मी सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात काढली, पंपाच्या घरघरीत माणसाचं बोलणं ऐकू न येण्याची मला सवय आहे. प्रश्न तिच्या गाण्याच्या वर्गाचा होता. तुम्हाला माहीत आहे, दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत बायका चटयांवर बसतात आणि ती त्यांना गाणं शिकवते. ऑपरेशननंतर वर्ग पुन्हा सुरू झाला खरा, पण शिकवणारीचा सूर पहिल्या चटईच्या पुढं जाईना. मागच्या बायका पुढच्यांचं ऐकून गात, पुढच्या अंदाजानं गात, आणि एकंदर प्रकार गळक्या नळासारखा जिथून तिथून ठिबकत राही. एक दिवस त्यांच्यातल्या सगळ्यांत प्रेमळ बाईनं (प्रेमळ माणसांपासून सावध राहावं, हे माझं जुनं मत आहे) सुचवलं, की आम्ही पुढच्या महिन्यापासून दुसरीकडे जातो, म्हणजे तुम्हालाही विश्रांती मिळेल. तुमच्या बहिणीनं मान हलवली. संध्याकाळी जास्तीच्या चटया गुंडाळून तिनं त्या माझ्या हातात दिल्या आणि बोटानं माळा दाखवला. महिना संपेपर्यंत वर्ग चालणार, त्यानंतर कायमचा बंद, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. त्या चटया माळ्यावर ढकलताना माझा गुडघा ज्या वस्तूवर आपटला ती वस्तू म्हणजे तुमचा ॲम्प्लिफायर. तेव्हा गुडघ्याच्या तक्रारीतही तुमचा हात आहेच.

तुम्ही म्हणाल, बाजारात तयार यंत्रं ढिगानं मिळतात. मिळतात. एक आणलंही होतं. कमरेला बांधायचा डबा आणि कानाशी अडकवायचा माइक. तिनं त्यातून एक ओळ म्हटली आणि डब्यातून कुणीतरी हरवलेल्या प्रवाशाला कार्यालयात येण्याची सूचना देत असल्यासारखा आवाज आला. तिनं तो डबा काढून पालेभाजीच्या पिशवीशेजारी ठेवला आणि पुन्हा त्याच्याकडे बघितलं नाही. उलट तुमचं ते जुनं धूड तिनं फडक्यानं पुसलं, त्यावर हात ठेवला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "यातून मी मलाच ऐकू यायचे." एवढं वाक्य एका दमात कळलं म्हणजे तिनं त्यासाठी किती जोर लावला असेल, हे माझ्या लक्षात आलं. मग मात्र माझा इलाज नव्हता.

कोपऱ्यावर एक रेडिओ दुरुस्तीवाला आहे. (हल्ली तो मोबाइलची कव्हरं विकतो, रेडिओ फक्त पाटीवर उरला आहे.) त्यानं झाकण उघडलं, आत फुंकर मारली, शिंकला आणि निदान केलं. ॲम्प्लिफायर ठणठणीत आहे, पण त्याला वीज पुरवणारा भाग जळून कोळसा झाला आहे. आणि याला साधी वीज चालत नाही. अधिक, शून्य आणि उणे अशी तीन तोंडांची लागते. तसा पुरवठा तयार मिळत नाही, जोडावा लागेल. "काका, सोडून द्या," असंही तो म्हणाला. आता पुरवठा हा शब्द ज्या माणसाच्या नियुक्तिपत्रावर होता, त्याला सोडून द्या म्हणणं म्हणजे पोहणाऱ्याला डबक्याची भीती घालणं. मी तिथल्या तिथं ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, दोन जाडजूड कपॅसिटर आणि तीन-तीन पायांचे दोन रेग्युलेटर मागितले. नावं तुमच्या आकृतीत होती, मी फक्त वाचून दाखवली, पण अशा थाटात की दुकानात उभं असलेलं एक गिऱ्हाईक अदबीनं बाजूला सरकलं.

तुमची ती आकृती झाकणाच्या आतल्या अंगाला अजून चिकटलेली आहे. कागद पिवळा पडलाय, पण अक्षर तितकंच उद्धट आहे. (येथे चूक करू नये, असं तुम्ही तीन ठिकाणी लिहून ठेवलंय. कशी करू नये, ते एकाही ठिकाणी लिहिलेलं नाही.) मी ती माझ्या पद्धतीनं समजून घेतली. वीज म्हणजे पाणी, तार म्हणजे नळ, व्होल्ट म्हणजे दाब. अधिक पंधरा म्हणजे गच्चीवरची टाकी. शून्य म्हणजे जमिनीलगतचं गटार. इथवर मला कुणाच्या शिकवणीची गरज नव्हती. पण उणे पंधरा? टाकी रिकामी झाली की झाली. रिकाम्याहून जास्त रिकामी होत नाही. तेव्हा मी असा निष्कर्ष काढला, की शून्य आणि उणे या दोन्ही निचऱ्याच्याच नळ्या आहेत आणि तुम्ही तरुणपणाच्या हौसेनं एकाऐवजी दोन टाकल्या आहेत. एका निचऱ्याला दोन नळ्या मी उभ्या हयातीत कुठल्या नकाशावर मंजूर केलेल्या नाहीत. दोन्ही तारा एकत्र पिळल्या, वर सोल्डरचा घसघशीत गोळा बसवला आणि तुमची एक नळी वाचवल्याच्या समाधानात बटण दाबलं.

फ्यूज गेला. फ्यूज जाणं हे फ्यूजच्या अशक्तपणाचं लक्षण आहे असं समजून मी त्याच्या जागी जरा खानदानी जाडीची तार घातली. त्यामुळे आमचा फ्यूज शाबूत राहिला आणि जिन्याखालच्या पेटीतला संबंध इमारतीचा गेला. ही गोष्ट दुपारची आहे, कुणाची तशी गैरसोय व्हायचं कारण नव्हतं, पण इमारतीचे सेक्रेटरी नेमके लिफ्टमध्ये होते. ते दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लटकले. त्यांचा आवाज मात्र अगदी खणखणीत आहे. विनायंत्र पाचही मजल्यांवर पोचला. त्यांना बाहेर काढेपर्यंत त्यांनी माझ्या घराण्याची जी माहिती दिली, तिच्यातली काही मलाही नवीन होती. मी खाली उभं राहून त्यांना धीर दिला. कारण सांगितलं नाही. लटकलेल्या माणसाला कारणं देऊ नयेत.

घरी आलो तर तीन टोले. तुमची बहीण ओट्यापाशी उभी. लहानपणी तुमच्याजवळ बसून सोल्डरची तार धरून द्यायचं काम तिच्याकडे असायचं, हे तिनं मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. (तुम्हीही नाही. ही माहिती लग्न ठरवताना द्यायला हवी होती.) तिनं मला हाताला धरून स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराशी नेलं, दार बाहेर ढकललं, आत ओढलं, पुन्हा ढकललं, पुन्हा ओढलं, आणि मध्ये थांबवून दाखवलं. मग कुजबुजली. स्पीकरचा पडदा असाच हलतो. पुढं ढकलायला अधिक लागतो, मागं ओढायला उणे, आणि मध्ये स्वस्थ बसायला शून्य. उणे म्हणजे गटार नव्हे, तोही एक पंपच आहे, फक्त उलट्या बाजूनं लावलेला. आता हे दारानं सांगितलं म्हणून पटलं, नाहीतर पालथ्या घड्यावर पाणी होतं. मी तारा सोडवल्या. दुकानातून एक बल्ब लावलेला लाकडी बोर्डही आणला. नवी जोडणी थेट विजेला न लावता आधी त्या बल्बमधून लावायची. बल्ब लख्ख पेटला तर आत कुठंतरी घोडं पेंड खातंय असं समजायचं आणि बंद करायचं. जळायचं ते बल्बानं, इमारतीनं नव्हे.

दुसरा प्रसंग कपॅसिटरचा. हे पिंपासारखे दिसतात आणि काम पिंपाचंच करतात, म्हणजे विजेची ये-जा सावरून धरतात. त्यांच्या एका कुशीवर पांढरा पट्टा असतो, तो उण्याचा पाय. अधिकाच्या बाजूला पट्टा शून्याकडे ठेवायचा हे मी नीट केलं. मग दुसरं पिंप घेतलं आणि त्याचाही पट्टा शून्याकडेच ठेवला, कारण दोघांचे पट्टे एका रेषेत सुंदर दिसत होते. उण्याच्या बाजूला शून्य हेच वरचं पाणी ठरतं आणि पट्टा तिकडे पाठ करून बसवावा लागतो, हे सौंदर्यदृष्टीला कसं कळावं? बल्ब पेटला, पण मिणमिणता. मी त्याचा अर्थ अनुकूल लावला. बोर्ड काढला, वीज थेट दिली आणि कौतुकानं पाठमोरा होऊन चष्मा पुसत बसलो.

इथं जे झालं ते मात्र मी जसंच्या तसं लिहितो. तुमची बहीण मागं दारात होती. तिला पिंपाचं टोपण फुगलेलं दिसलं. तिनं मला हाक मारली. तिनं हाक मारली हे मला नंतर कळलं, कारण माझ्यापर्यंत काही आलंच नाही. हातात ताटली नव्हती, चमचा नव्हता. ती धावत आली, खांद्याला धरून मला मागं खेचलं, आणि तेवढ्यात ते फुटलं. आतला ओला कागद आणि चंदेरी पत्र्याच्या चिंधड्या छतापर्यंत गेल्या, डाग तोच. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण ती खाली बसली आणि रडली, आणि रडण्यालाही आवाज नव्हता. मी तिच्याशेजारी बसलो. खोलीत कुजक्या माशांसारखा वास येत होता, तो रात्रीपर्यंत गेला नाही. त्या दिवसापासून मी काम करताना तिच्याकडे तोंड करून बसतो. उजेड उलटा पडतो, पण चालतं.

मग रेग्युलेटर. दाब बरोब्बर पंधरावर धरून ठेवायचं काम यांचं. दिसायला जुळे भाऊ; तोच काळा कोट, तेच तीन पाय, पाठीला तोच पत्रा. एक अधिकाचा, एक उण्याचा. आणि दोघांच्या पायांची रचना मात्र एकमेकांशी भांडण झाल्यासारखी वेगळी. एकाचा मधला पाय शून्याला जातो, दुसऱ्याचा मधला पाय आत येणारी वीज घेतो. एवढ्यावरही मी मात केली. पण काम करताना ते तापतात म्हणून त्यांना पत्र्यावर बसवावं लागतं, आणि मी काटकसर म्हणून दोघांना एकाच ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर शेजारी शेजारी बसवलं. बल्ब असा भगभगला की समोरच्या इमारतीतल्या बाईंनी पडदा ओढून घेतला. म्हणे उण्याच्या भावाच्या पाठीतच वीज असते. पाठ पत्र्याला लागली की ती शून्यात जाते. मध्ये वीज अडवायला अभ्रकाची चकती हवी. दुकानात ती संपली होती. आता तुम्हीच सांगा, अभ्रक घरात कुठं असतं? इस्त्रीत असतं. तिच्या पोटात तारेभोवती चांगले रुंद तुकडे असतात. इस्त्री जुनी होती, तिच्यात तशी धुगधुगीच उरली होती, आणि थोर कार्यासाठी तिनं देह ठेवला असं मी मानतो. स्क्रूभोवती घालायला बॉलपेनच्या नळीचा काप घेतला. तेव्हापासून मी चुरगळलेले सदरे घालतो. निवृत्त माणसाच्या सदऱ्याकडे कुणी बघत नाही, हा एक फायदा.

अखेरीस मीटर लावला तेव्हा एका बाजूला अधिक पंधरा आणि दुसऱ्या बाजूला उणे पंधरा दाखवू लागला. नसलेल्यापेक्षा पंधरानं कमी असलेलं पाणी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. ॲम्प्लिफायर जोडला, स्पीकर जोडला. आवाज आला. पण कुणाचा? घरघर. आमच्या जुन्या पंपघराची हुबेहूब घरघर. तिची कुजबुज त्या घरघरीखाली पार बुडून गेली. महिना संपायला आला होता, प्रेमळ बाईनं नव्या शिक्षिकेकडे जाऊन चटई कुठं टाकायची तेही बघून ठेवलं होतं, आणि माझ्याकडे एक निर्दोष घरघर तयार झाली होती. कशात काय अन् फाटक्यात पाय.

या ठिकाणी मात्र, दादा, खातं कामाला आलं. मी तारांकडे बघत बसलो असताना दिसलं, की मी शून्याच्या सगळ्या तारा एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशा जाता-जाता जोडल्या आहेत. पिंपांचं धो-धो पाणी आणि माइकचं थेंबभर पाणी, दोन्ही एकाच चिंचोळ्या नळीनं चाललेली. अशी जोडणी एखाद्या वसाहतीत केली तर खालच्या मजल्यावरच्या मोरीत वरच्यांचा साबण येतो. प्रत्येकाची नळी स्वतंत्र हवी आणि सगळ्यांनी एकाच चेंबरला येऊन मिळायला हवं. मी सगळं उपसलं, मधोमध एक जाड पितळी स्क्रू रोवला आणि प्रत्येक शून्य वेगवेगळ्या तारेनं त्या स्क्रूवर आणून बसवलं. बटण दाबलं. काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, पुन्हा जळलं. स्पीकरला कान लावला तेव्हा समजलं, की ही शांतता आहे.

माइक तिच्या हातात दिला. मला वाटलं होतं, ती गाण्याची एखादी ओळ म्हणेल. तिनं माइक तोंडाशी धरला आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "टेबलाखाली तारांचे तुकडे पडलेत, आधी ते उचला, पायात जातील." खोलीभर ऐकू आलं. खरखर होती, मध्ये एकदा शब्द तुटला, पण आवाज तिचाच होता, डब्यातल्या बाईचा नव्हे. मी तुकडे उचलायला टेबलाखाली गेलो तो तिथंच बराच वेळ राहिलो. मला बरं वाटत होतं. इतकं बरं मला सेवानिवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. तेवढ्यात दार वाजलं, सेक्रेटरी. मी म्हटलं, झालं, आली तक्रार. ते पायात चप्पल न घालताच आले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "वहिनी बोलल्या का?" ती माइकमधून म्हणाली, "बोलले. बसा, चहा घ्या." ते बसले आणि दोन कप प्यायले. लिफ्टचा विषय निघाला नाही.

वर्ग चालू आहे. चटया खाली आल्या आहेत. शेवटच्या चटईवरच्या बाईचा सूर चुकला तर आता तिलाही लगेच कळवण्यात येतं, त्यामुळे एक-दोघींना जुने शांत दिवस आठवतात. प्रेमळ बाई परत आल्या. त्यांच्या मते यंत्राची कल्पना मूळ त्यांचीच. मी दुपारी आतल्या खोलीत बसतो आणि पितळी स्क्रू सैल तर झाला नसेल ना, एवढं मनात तपासत राहतो.

थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, कबुतरांना जे योग्य वाटेल ते. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.

आपला,
मेहुणा

ता. क. तुमच्याकडे अभ्रकाच्या चार-सहा चकत्या आणि योग्य जाडीचे फ्यूज पडून असतील तर पाठवून द्यावेत.

ता. क. २. वरचा ता. क. वाचू नये. चकत्या दुकानात आल्या आहेत. खरं मागणं वेगळं आहे, ते पत्रात कुठं बसवावं हे न कळल्यानं इथवर ढकलत आणलं. ऑपरेशननंतर तुम्ही दोनदा फोन केलात, तिची कुजबुज तुम्हाला ऐकू आली नाही, तुमचा आवाज भरून आला आणि तुम्ही फोन ठेवलात. तेव्हापासून तुम्ही दर रविवारी फोनवर माझी चौकशी करता आणि तिला फोन देऊ नका म्हणता, गळ्याला ताण नको म्हणून. रविवारी ती टेलिफोनच्या खोलीत उगीच काहीतरी झटकत बसते. तेव्हा रविवारी फोन करावा आणि तिलाच मागावं. रिसीव्हर स्पीकरसमोर धरायची व्यवस्था मी केली आहे.

ता. क. ३. (हे मी लिहितेय, दादा. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय आणि हे फ्यूज आणायला गेलेत.) इस्त्री चांगली चालत होती. बाकी साधारण खरं आहे. एक गोष्ट यांना ठाऊक नाही. मागच्या खेपेला डॉक्टरांकडे मी एकटीच आत गेले, हे बाहेर कंपाउंडरला त्याच्या टेबलावरचा दिवा का लुकलुकतो ते समजावत होते. डॉक्टर म्हणाले, नस जागी होतेय. सकाळी न्हाणीघरात दार लावून मी सूर लावून बघते. लागतो. थोडा कापतो, पण लागतो. यांना मुद्दाम सांगितलेलं नाही. माझा आवाज गेल्यावर हे दिवस दिवस भिंतीकडे बघत बसायचे, ताटातलं ताटात राहायचं, आणि मला ओरडून जेवा म्हणताही यायचं नाही. तुझं ते धूड खाली आलं त्या दिवसापासून शीळ घालत हिंडतात. आता दुसरा स्पीकर लावायचा म्हणताहेत, म्हणजे आणखी एक सप्लाय. तो होऊ दे, मग सांगेन. तोवर मी माइकवरूनच बोलते. तू रविवारी फोन कर. माझ्या गळ्याचं काही विचारू नकोस. फोन आधी हेच उचलतील, त्यांना तेवढं सांग, की घरघर अजिबात येत नाही.